तरुण वाहनचालक आणि विम्याचा न्याय

तरुण मोटारचालकाचा विमा महाग का, हा प्रश्न इंग्लंड-अमेरिकेतील घराघरांत वर्षानुवर्षे चघळला जातो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाने वाहन चालविण्याचा परवाना मिळविला, की त्याच्या विम्याचा हप्ता बापाच्या हप्त्याच्या कितीतरी पट असतो. कधी कधी तर जुन्या मोटारीच्या किमतीहून तिचा विमाच जड होतो. विमा कंपन्यांचे म्हणणे सरळ असते. तरुणांच्या हातून अपघात अधिक होतात, म्हणून त्यांनी अधिक भरावे. तरुणांचे म्हणणेही तितकेच सरळ असते. माझ्या वयाच्या दुसऱ्या कुणी अपघात केला, त्याची शिक्षा मला का?

आपल्याकडे हा वाद ऐकू येत नाही. त्यामुळे आपल्या देशात तरुणांना विमा स्वस्त आहे, असा समज होण्याचा संभव आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते हा समज बरोबर नाही. आपल्याकडील तरुण हप्त्याच्या रूपाने जादा रक्कम भरत नाही, हे खरे. परंतु विम्याची जी व्यवस्था आपण उभी केली आहे, तिच्या फटींतून सर्वांत आधी खाली पडतो तो तरुणच. किंमत तो भरतोच. ती पावतीवर छापलेली नसते, एवढेच.

कागलसारख्या गावात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. पुणे-बंगळूर महामार्ग आमच्या दारावरून जातो, पलीकडे कर्नाटकाची सीमा आहे, अलीकडे कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे. मुरगूड, बिद्री, कापशी या बाजूच्या खेड्यांतून तिन्ही पाळ्यांना शेकडो तरुण मोटारसायकलींवरून कामाला जातात आणि रात्री-अपरात्री परततात. गळीत हंगाम सुरू झाला, की त्याच रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. त्यांतील पुष्कळांच्या मागे ना दिवा असतो ना परावर्तक. अशा रस्त्यावर मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. ती रोजगाराचे साधन आहे. म्हणून तिच्या विम्याचा प्रश्न हा रोजगाराचाच प्रश्न होय.

समान हप्त्यामागील विचार

प्रथम आपली व्यवस्था काय आहे, ते पाहू. वाहनाच्या विम्याचे दोन भाग असतात. आपल्या वाहनामुळे दुसऱ्या कुणाची हानी झाली, तर तिची भरपाई करणारा तो त्रयस्थाचा, म्हणजे 'थर्ड पार्टी' विमा. आपल्याच वाहनाच्या मोडतोडीसाठी किंवा चोरीसाठी असतो तो दुसरा. यांपैकी पहिला सक्तीचा आहे. ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने ही सक्ती आली. तिच्याच धर्तीवर आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात ती घालण्यात आली आणि १९८८ च्या कायद्यातही ती कायम राहिली.

१९७३ च्या जानेवारीपासून सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण अमलात आले आणि शंभराहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या. पुढे मल्होत्रा समितीच्या १९९४ च्या अहवालानंतर खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडण्याचा विचार पुढे आला आणि १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले. २००७ च्या जानेवारीपासून वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे करण्यात आले. त्रयस्थाच्या विम्याचा दर मात्र बाजाराच्या हाती सोपविण्यात आला नाही. तो अधिसूचनेने ठरतो आणि वाहनाच्या इंजिनक्षमतेवर अवलंबून असतो. चालविणाऱ्याच्या वयाचा त्यात विचार नाही.

जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५० सी.सी.ला १,३६६ रुपये आणि त्याहून मोठ्या दुचाकीला २,८०४ रुपये असा दर आहे. खाजगी मोटारींसाठी तो २,०९४ रुपयांपासून ७,८९७ रुपयांपर्यंत आहे. आठवड्यातून एकदा बाजारला जाणारे निवृत्त गुरुजी आणि रोज साठ किलोमीटर धावणारा बावीस वर्षांचा कामगार, दोघांचे वाहन सारख्या ताकदीचे असेल तर दोघांचा हप्ता सारखाच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही परस्पर अर्थसाहाय्याची व्यवस्था आहे. गुरुजी कामगाराच्या जोखमीचा काही भार उचलतात. विम्याच्या शुद्ध बाजारात असे टिकत नाही. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये आणि रॉथशिल्ड व स्टिग्लिट्झ यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की जोखीम वेगळी असताना सर्वांना एकच दर लावला, तर कमी जोखमीचे ग्राहक बाहेर पडू लागतात, दर वाढतो, त्यामुळे आणखी काही बाहेर पडतात आणि शेवटी जोखमीचेच ग्राहक उरतात. यावर उपाय दोन. जोखमीप्रमाणे दर लावणे हा एक, आणि सर्वांवर सक्ती करून कुणालाच बाहेर पडू न देणे हा दुसरा. ब्रिटनने सक्ती केली आणि दरही मोकळे ठेवले. आपण सक्ती केली आणि दर समान ठेवला. आपली निवड तत्त्वतः अधिक समाजहिताची आहे, असेच माझे मत आहे. परंतु समान दराची इमारत सक्तीच्या पायावर उभी असते. तो पायाच खचला असेल, तर वरच्या समतेला अर्थ उरत नाही.

खचलेला पाया

आणि तो खचलेला आहे. रस्त्यावरील निम्म्याहून अधिक वाहनांना विमा नसल्याची नोंद संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने २०२४ च्या अहवालात घेतली. नव्या वाहनाला दुकानातूनच विमा करून मिळतो. पहिली मुदत संपली, की पुष्कळ दुचाकी विम्याविना धावू लागतात. हा अप्रामाणिकपणा आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण त्यामागचा हिशेब पाहिला पाहिजे.

सव्वाशे सी.सी.च्या मोटारसायकलीचा वार्षिक हप्ता ७१४ रुपये. त्यावर १८ टक्के कर धरून तो सुमारे ८४३ रुपये होतो. विम्याशिवाय वाहन चालविल्याचा पहिला दंड २०१९ च्या दुरुस्तीनंतर २,००० रुपये आहे. म्हणजे वर्षात पकडले जाण्याची शक्यता शेकडा बेचाळीसहून कमी असेल, तर केवळ दंडाच्या हिशेबाने पाहणाऱ्याला विमा न काढणे फायद्याचे वाटते. मुरगूड-निपाणी रस्त्यावर रोज येजा करणाऱ्याला ही शक्यता किती आहे, हे अनुभवाने चांगले ठाऊक असते. त्याचे गणित चुकते ते दुसऱ्याच ठिकाणी. तो दंड मोजतो, नुकसानभरपाई मोजत नाही.

ती मोजून पाहू. अपघातातील मृत्यूची भरपाई ठरविण्याची रीत सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात घालून दिली आहे. समजा, दरमहा १५,००० रुपये मिळविणारा बावीस वर्षांचा अविवाहित कामगार कुणाच्या मोटारसायकलीखाली सापडून दगावला. त्याचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये. पगार ठरावीक आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी उत्पन्नवाढीचे ४० टक्के मिळवायचे, ती रक्कम २,५२,००० रुपये होते. अविवाहिताच्या स्वतःच्या खर्चापोटी निम्मी वजा केली, की १,२६,००० रुपये उरतात. या वयाला गुणक आहे १८. गुणाकार २२,६८,००० रुपये. अंत्यविधी, कुटुंबीयांचा सहवास हरपणे इत्यादी किरकोळ रकमा आणि व्याज याखेरीज. मोटारसायकलीला विमा नसेल, तर ही रक्कम तिच्या मालकाने द्यायची. ८४३ रुपयांच्या हिशेबाने सुमारे २,७०० वर्षांचे हप्ते भरले, तर हा आकडा गाठला जातो. ज्याचा दोन एकर ऊस आहे, त्याच्या जमिनीवर येणाऱ्या बोज्याचे हे माप आहे.

या गुणकाच्या कोष्टकात एक विलक्षण विरोधाभास आहे. पंधरा ते पंचवीस वर्षांच्या माणसासाठी गुणक १८, पंचेचाळिशीच्या आसपास १४, साठीच्या उंबरठ्यावर ९. म्हणजे न्यायव्यवस्था तरुणाच्या उरलेल्या आयुष्याचे मोल सर्वांत अधिक धरते, कारण त्याच्यापुढे कमावण्याची वर्षे सर्वांत अधिक आहेत. आणि नेमका त्याच वयाचा माणूस रस्त्यावर सर्वांत अधिक मरतो. २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, असे केंद्रीय परिवहन मंत्रालयाची आकडेवारी सांगते. त्यांतील ६६.५ टक्के १८ ते ४५ या वयोगटातील होती आणि ४४.५ टक्के दुचाकीवरची. तरुण हा जसा जोखीम निर्माण करणारा आहे, तसाच तो जोखमीचा पहिला बळीही आहे. ब्रिटिश पद्धतीचा दर त्याची पहिली बाजू पाहतो आणि दुसरी विसरतो. आपली पद्धत दोन्ही विसरते.

वाहन बापाचे, मरण पोराचे

सर्वांत मोठी फट आता सांगावयाची आहे. तिच्याविषयी सुशिक्षितांतही फारसे कुणाला ठाऊक नसते. त्रयस्थाचा विमा त्रयस्थासाठी असतो. चालविणारा स्वतः घसरून पडला, तर त्या विम्यातून त्याला काही मिळत नाही. त्यासाठी 'मालक-चालक' अपघात विमा वेगळा काढावा लागतो. पूर्वी तो दुचाकीला अवघा एक लाखाचा होता. २०१८ मध्ये नियामक प्राधिकरणाने तो किमान १५ लाख रुपयांचा केला, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. परंतु त्याच्या नावातच त्याची मर्यादा आहे. वाहनाचा नोंदणीकृत मालक स्वतः चालवीत असेल आणि त्याच्याजवळ परवाना असेल, तरच तो लागू होतो.

आता आपल्या घरांतील परिस्थिती पाहा. मोटारसायकल कुणाच्या नावावर असते? बहुधा बापाच्या. कर्ज त्याच्या नावावर मिळते, पतसंस्थेत खाते त्याचे असते, सातबारा त्याचा असतो. आणि चालवितो कोण? मुलगा. मालक चालक नाही आणि चालक मालक नाही. अशा मुलाला विम्याच्या भाषेत स्थानच नाही. तो त्रयस्थ म्हणून भरपाई मागू शकत नाही. वाहन उसने घेऊन चालविणारा माणूस मालकाच्याच जागी उभा राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातून आलेल्या निंगम्मा खटल्यात २००९ मध्ये म्हटले. आणि मालक म्हणून अपघात विम्याचा लाभ मागावा, तर पॉलिसीवर नाव बापाचे. दोन्ही दारे बंद.

मागे आमच्या महाविद्यालयातील बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी दुसऱ्या पाळीचे काम आटोपून घरी परतताना वळणावरच्या वाळूवरून घसरला. दुसरे वाहन नव्हते, दोष द्यायला कुणी नव्हते. विम्याचे सर्व हप्ते वेळेवर भरलेले होते, अपघात विम्याचेही. वडिलांनी कागद नीट जपून ठेवले होते. ते घेऊन ते कचेरीत गेले, तेव्हा त्यांना समजले की मोटारसायकल त्यांची असल्यामुळे पंधरा लाखांचा विमा त्यांच्या मरणाचा होता, मुलाच्या नव्हे. नियमाप्रमाणे ते उत्तर बरोबरच होते. नियम बरोबर आहे का, हा प्रश्न त्या कचेरीने सोडवायचा नव्हता. तो आपण सोडवायचा आहे.

मागे बसणाऱ्याचीही कथा वेगळी नाही. केवळ सक्तीपुरता विमा काढलेल्या दुचाकीवर फुकट मागे बसलेला माणूस त्या विम्याच्या कक्षेत येत नाही, असा निर्णय २००६ मध्ये तिलक सिंग खटल्यात झाला. आमच्या रस्त्यांवर एका मोटारसायकलीवर दोन, प्रसंगी तीन मित्र कामावर जातात, पेट्रोलचे पैसे वाटून घेतात. त्यांतील मागच्यांना आपण कोणत्या आधारावर बसलो आहोत, याची कल्पना नसते.

तिसरी फट जुन्या वाहनांच्या खरेदीची. नवे वाहन परवडत नाही, म्हणून तरुण आठ-दहा वर्षांची जुनी मोटारसायकल घेतो. टी.टी. फॉर्मवर सही होते, पैसे दिले जातात, पण नोंदणी पुस्तकावरचे नाव बदलायचे राहून जाते. विमा बहुधा आधीच संपलेला असतो. २०१८ मध्ये नवीनकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नोंदणी ज्याच्या नावावर, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. म्हणजे विकणारा निर्धास्त झोपलेला असतो आणि जबाबदारी त्याच्या उशाशी बसलेली असते. घेणारा स्वतःला मालक समजतो आणि कायदा त्याला मालक मानत नाही.

अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देणाऱ्या पालकांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला आहे. वाहनाची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. शिवाय परवाना नसलेल्याने अपघात केला, तर कंपनी जखमी माणसाला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. कायदा कडक आहे. परंतु बारावीच्या मुलाला पहाटेच्या शिकवणीला पोचवणारी एस.टी. गावात नसेल, तर बाप किल्ली देतोच. या किल्लीमागे केवळ लाड नसतो.

सावध तरुणाला बक्षीस नाही

आता कुणी म्हणेल, की यावर उपाय ब्रिटिश पद्धतीचाच. तरुणांना जादा दर लावा, म्हणजे ते जपून चालवतील. हा युक्तिवाद विचारार्ह आहे, पण तो टिकत नाही. वय ही काही वागणूक नाही. जादा दर पाहून कुणी लवकर चाळिशीचा होत नाही. वयानुसार लावलेला दर वाहन चालविण्याची रीत बदलत नाही, तो फक्त गटाला दंड करतो. युरोपात हाच प्रश्न स्त्री-पुरुष भेदाच्या रूपाने आला. तरुण स्त्रियांचे अपघात कमी, म्हणून त्यांना हप्ता कमी असे. २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने लिंगावर आधारलेले दर बेकायदा ठरविले आणि २०१२ च्या डिसेंबरपासून ते बंद झाले. वयाचा भेद मात्र चालू राहिला. आकडेवारी खरी असली, तरी व्यक्तीला गटाच्या मापाने मोजणे कितपत न्याय्य, हा प्रश्न तेथेही मिटलेला नाही. आणि आपल्याकडे, जेथे निम्म्याहून अधिक वाहने आधीच विम्याबाहेर आहेत, तेथे तरुणांचा दर वाढविला तर आणखी तरुण बाहेर पडतील आणि त्याचा भुर्दंड रस्त्यावरून पायी जाणाऱ्या निरपराध माणसाला बसेल.

मात्र या युक्तिवादातील अर्धे सत्य घेण्यासारखे आहे. जोखमीचा संबंध वागणुकीशी जोडला पाहिजे. आज तो कसा जोडला आहे? अपघाताचा दावा न केल्याबद्दल मिळणारी 'नो क्लेम बोनस'ची सूट पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून पुढे ५० टक्क्यांपर्यंत जाते. पण ती फक्त वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर मिळते. ज्या तरुणाला फक्त सक्तीचा विमा परवडतो, त्याने दहा वर्षे एकही अपघात केला नाही, एकदाही सिग्नल मोडला नाही, तरी त्याच्या हप्त्यात एक रुपयाची सूट नाही. २०२२ मध्ये प्राधिकरणाने 'जितके चालवाल तितके भरा' आणि 'जसे चालवाल तसे भरा' अशा योजनांना मान्यता दिली, परंतु त्याही स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरत्याच. संपन्न मोटारमालकाला सावधपणाचे बक्षीस आणि मोटारसायकलवाल्या कामगाराला नाही, ही विषमता दरपत्रकात कुठे लिहिलेली नाही, पण ती त्यातच आहे.

आणखी एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीचा पाच वर्षांचा आणि मोटारीचा तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम काढावा लागतो. विम्याविना धावणारी वाहने कमी व्हावीत, हा त्यामागील हेतू उत्तम आहे. पण हिशेब पाहा. ७५ ते १५० सी.सी.च्या दुचाकीचा वार्षिक दर ७१४ रुपये, म्हणजे पाच वर्षांचे ३,५७० रुपये. एकरकमी दर मात्र ३,८५१ रुपये, वर १८ टक्के कर, मिळून सुमारे ४,५४४ रुपये. सामान्य व्यवहारात पाच वर्षांचे पैसे आधी दिले, तर सूट मिळते. येथे २८१ रुपये अधिक द्यावे लागतात. पुढे दर वाढले तरी ग्राहकाला झळ लागणार नाही, हे याचे समर्थन होऊ शकते. पण कंपनीला पाच वर्षे त्या रकमेवर व्याजही मिळते, हे त्यात धरलेले दिसत नाही. विशेष म्हणजे याच वर्गाचा वार्षिक दर २०२२ मध्ये ७५२ वरून ७१४ रुपयांवर उतरला होता. दर नेहमी वाढतातच असे नाही. ज्याच्या हाती रोकड कमी, त्याच्याकडून आगाऊ घ्यायचे आणि जास्त घ्यायचे, ही रीत पहिल्या पगारातून पहिले वाहन घेणाऱ्या तरुणाला सर्वांत जाचक होते. त्यात कराची भर. सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिगत आयुर्विमा आणि आरोग्यविमा वस्तू व सेवा करातून मुक्त झाला, तेव्हा वाहनाच्या विम्यावरील १८ टक्के तसेच ठेवण्यात आले. जो विमा काढण्याची सरकार सक्ती करते, त्यावरच सरकारने कर घ्यावा, हे तर्काला धरून नाही.

काय करता येईल

काही देशांनी हा प्रश्न मुळातूनच वेगळ्या रीतीने सोडविला आहे. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातात दोष कुणाचा हे न पाहता प्रत्येक जखमीला भरपाई देणारी सार्वजनिक व्यवस्था उभी केली. तिचा खर्च वाहननोंदणी आणि पेट्रोलवरील आकार यांतूनही भागविला जातो. दक्षिण आफ्रिकेत अपघात निधी इंधनावरील आकारावर चालतो. पेट्रोलबरोबर विमा घेतला, तर विम्याविना एकही वाहन धावू शकणार नाही आणि जो जास्त धावेल तो जास्त भरेल, हा या कल्पनेचा मोह मोठा आहे. परंतु दक्षिण आफ्रिकेचा निधी वर्षानुवर्षे तुटीत राहिला आणि विजेवरील वाहने वाढली, की इंधनावरील आकाराचा पाया आक्रसणारच. म्हणून ही व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातग्रस्तांना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी योजना अधिसूचित झाली. दोष न पाहता मदत, या दिशेने ते एक पाऊल आहे. ते पुढे टाकता येईल.

तूर्त चार सुधारणा अवघड नाहीत. पहिली, 'मालक-चालक' अपघात विमा हा 'कुटुंबातील परवानाधारक चालक' असा करावा. वाहन बापाचे असो वा आईचे, परवाना असलेला मुलगा किंवा मुलगी ते चालवीत असेल, तर संरक्षण त्याला मिळाले पाहिजे. हप्ता थोडा वाढेल, पण तो वाढावा. दुसरी, सक्तीच्या विम्यातच मागे बसणाऱ्याचा समावेश करावा. तिसरी, सलग तीन वर्षे अपघात आणि दंडाची नोंद नसलेल्या चालकाला त्रयस्थाच्या हप्त्यातही सूट द्यावी. दंडाच्या ई-चलनांची नोंद आता संगणकावर असतेच. चौथी, पाच वर्षांचा हप्ता वार्षिक दराच्या पाचपटीहून अधिक नसावा आणि तो टप्प्याटप्प्याने भरण्याची सोय असावी.

ही कामे दिल्लीची झाली. पण काही कामे कोल्हापूर जिल्ह्यालाच करता येण्यासारखी आहेत. सहकार आपल्या अंगवळणी पडलेला आहे. घराघरात दर दहा दिवसांनी दुधाचे बिल येते. ८४३ रुपयांचा हप्ता त्या बिलांतून कापला, तर एका बिलाला सुमारे २३ रुपये पडतात. सभासदाच्या संमतीने दूध संस्थेने ही रक्कम बाजूला ठेवावी आणि मुदत संपण्यापूर्वी विमा नूतन करून द्यावा. पशुखाद्याचे पैसे बिलातून कापून घेणाऱ्या संस्थांना हे अशक्य नाही. साखर कारखान्यांनी तोडणी-वाहतुकीचे करार करताना ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉलीच्या विम्याची प्रत घ्यावी. तो विमा भाड्याच्या वाहतुकीस लागू आहे का, हेही पाहावे. शेतीच्या कामापुरता काढलेला विमा भाड्याच्या वाहतुकीत कंपनीकडून हमखास वादात ओढला जातो आणि भोगावे लागते ते ट्रॉलीवर आदळलेल्या मोटारसायकलस्वाराच्या घरच्यांना. वसाहतीतील कारखानदारांनी आणि एस.टी.ने मिळून पाळ्यांच्या वेळेला गाड्या सुरू केल्या, तर त्याहून उत्तम. जो अपघात होतच नाही, त्याच्याइतका स्वस्त विमा दुसरा नाही.

आणि महाविद्यालयांनी? आम्ही विद्यार्थ्यांना जोखीम, संभाव्यता, विम्याची तत्त्वे शिकवितो. परीक्षेत त्यांवर प्रश्न विचारतो. परंतु आवारात उभ्या असलेल्या दुचाकींपैकी कितींची नोंदणी चालविणाऱ्याच्या नावावर आहे, कितींचा विमा जिवंत आहे, हे विचारीत नाही. प्रवेशाच्या वेळी वाहनाची पॉलिसी वाचून दाखविण्याचा एक तास ठेवला, तर तो अर्थशास्त्राचाच तास ठरेल. पॉलिसीच्या पहिल्या पानावर नाव कुणाचे आहे आणि किल्ली कुणाच्या हाती आहे, एवढे जरी प्रत्येक घराने आज रात्री ताडून पाहिले, तरी पुष्कळ काही साधेल.

उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले. दाव्यांच्या अपिलांसाठी मुंबईला खेपा घालण्याचा अपघातग्रस्तांच्या कुटुंबांचा त्रास त्यामुळे कमी झाला आहे. न्याय जवळ आला, ही आनंदाची गोष्ट. पण जवळ आलेल्या न्यायालयात विम्याविना मेलेल्या तरुणाच्या बापाने काय घेऊन जायचे, हा प्रश्न उरतोच. तरुणाचा हप्ता किती असावा, यावर मतभेद असू शकतात. हप्ता भरलेला असताना तरुणाच्या पाठीशी विमा उभा राहिला पाहिजे, यावर मतभेद असण्याचे कारण नाही.